आमच्या मोऱ्या, त्यांची विहीर

मी तापट आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षं मी इथल्या हायस्कूलात विज्ञान शिकवलं. माझ्या पट्टीचा मार खाल्लेली पोरं आता दुकानांत, बँकेत, कचेऱ्यांत बसलेली आहेत, आणि मला लांबून येताना पाहिलं की अजूनही सरळ होऊन बसतात. तेव्हा ही हकीकत मी शांतपणे सांगेन अशी आशा कुणी करू नये. वर्ष उलटून गेलं तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातली बरीचशी आग दुसऱ्यांवर आहे, थोडी माझी मलाच भाजते.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गावाला नदी आहे, ती पुढे जाऊन कयाधूला मिळते. नदी म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. होळी झाली की तिच्यात जे वाहतं ते सगळं आमचं असतं. मोऱ्यांचं, संडासांचं, धुण्याभांड्यांचं. पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, काय दशा झाली हो नदीची! जशी काही ती दशा नदीनं स्वतःहून करून घेतली.

काही वर्षांपूर्वी गावात भुयारी गटार आलं. रस्ते उकरले गेले, नळे पुरले गेले, घरोघर चेंबर बांधून त्यावर लोखंडी झाकणं बसली. नारळ फुटला, भाषणं झाली. आता सगळी घाण जमिनीखालून नदीकाठच्या पंपघरात जाणार, तिथून पंपानं उचलून माळावरच्या शुद्धीकरण केंद्रात जाणार, आणि नदी मोकळा श्वास घेणार, असं तेव्हा सांगितलं गेलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. नळे पुरले की काम संपलं, असं त्या दिवशी मांडवातल्या प्रत्येकाला वाटलं असणार. गटार रोज साफ ठेवावं लागतं, हे कुणाच्याच भाषणात नव्हतं.

पुलाजवळच्या आमच्या कॉलनीत माझ्याकडे दूध घालायला तांड्यावरची एक बाई येते. तांडा गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर, चालत अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. बाई चाळिशी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ. म्हणूनच आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. गेल्या वर्षी होळीनंतर ती दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती रिकामी कॅन घेऊन.

"काय गं, दोन दिवस पत्ता नाही तुझा?"

"दवाखान्यात व्हते, बाई. नातीला हगवन लागली. तांड्यावरची आठ-धा लेकरं पडून हायत. डाक्टर म्हन्ला, पानी खराब हाय. हिरीला वास येऊन राहिला, बाई. तुमच्या गावाचा वास."

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की मला जास्त लागलं. तांड्याला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, नदीच्या काठाला लागून. नदीत जे वाहतं तेच पाझरून तिच्यात उतरतं. उन्हाळ्यात वास वाढतो, पावसाळ्यात कमी होतो, आणि हे दोन वर्षांपासून चालू होतं.

"मग दोन वर्षं गप्प का बसलात?"

"गप कोन बसलं? कुनाला सांगावं ते कळंना म्हून सगळ्यांनाच सांगितलं. सगळे व्हय व्हय म्हन्ले."

मग मला एकदम काहीतरी सुचलं आणि मी विचारलं, "कॅन कशानं धुतेस तू?"

"हिरीच्याच पान्यानं. मंग काय बाटलीच्या पान्यानं धुऊ?"

म्हणजे दोन वर्षं मी त्या दुधाचा चहा पीत होते. आमच्या कॉलनीनं नदीत सोडलेलं फिरून आमच्याच कपात येत होतं, वर साय धरून. मी हसले, आणि हसता हसताच डोकं फिरलं. मी तापवून पीत होते म्हणून वाचले. तिची नात पाच वर्षांची. ती थेट कळशीतलं पीत होती.

त्याच दिवशी मी नगरपंचायतीच्या कचेरीत गेले. गटाराचं काम पाहणारा साहेब तरुण होता, बाहेरगावचा, बोलायला अत्यंत नम्र. नम्र माणसाशी भांडणं सर्वांत अवघड. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी मागवलं (बाटलीचं), आणि भिंतीवरचा नकाशा दाखवला. निळ्या रेघा, लाल ठिपके.

"मॅडम, तुमची कॉलनी पूर्ण जोडलेली आहे. एक घर बाकी नाही. नदीत तुमचा थेंबसुद्धा जात नाही."

"मग तांड्याच्या विहिरीत काय जातंय?"

"त्या लोकांचंच असणार. त्यांना अजून सवयी नाहीत ना."

त्या लोकांचंच! तांड्यावर घरटी संडास आहेत, मी स्वतः पाहिलेत, दारापुढचं अंगण आमच्या कॉलनीतल्या कुठल्याही अंगणापेक्षा स्वच्छ असतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला पडला. साहेब नम्रपणे म्हणाला, "मॅडम, पुरावा असेल तर द्या. मी स्वतः येतो बघायला."

बाहेर पायरीवर एक म्हातारा सफाई कामगार भाकरी खात बसला होता. गावातल्या नाल्या आणि चेंबरं उपसण्यात त्याचा जन्म गेला. आम्ही सगळे त्याला मामा म्हणतो, आणि तेवढं म्हटलं की आपलं कर्तव्य संपलं असं समजतो. आतलं भांडण त्यानं ऐकलं होतं.

"नकाशा सायबाचा हाय, बाई," तो म्हणाला, "पानी माज्या वळखीचं हाय. हळद टाका."

"म्हणजे?"

"पयले नळाची लाइन कुठं फुटली ते घावायचं न्हाई तवा आमी वरून हळद सोडायचो. जिथून पिवळं निघंल तिथं फुटली. कालनीच्या पयल्या चेंबरात हळद टाका आन् पुलाखाली जाऊन हुभ्या ऱ्हावा."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. आणि हळदीला आमच्या जिल्ह्यात काय तोटा? तेव्हा हंगामच चालू होता, गावाबाहेर जिकडंतिकडं हळद शिजत होती, वाळत होती. माझा एक जुना विद्यार्थी हळद पॉलिश करायचं यंत्र चालवतो. ड्रमखाली पडलेल्या भुग्याची दोन पोती त्यानं काही न विचारता रिक्षात टाकून दिली. कशाला हवीत हे विचारायची त्याची अजून हिंमत होत नाही.

वेळ मी ठरवली, सकाळी आठची. त्या वेळी कॉलनीत नळाला पाणी असतं, घरोघर धुणं चालू असतं, गटार भरून वाहतं. हळद चांगली पुढे ढकलली जाईल असा माझा हिशेब. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. मामानं पहारीनं झाकण उचललं, मी पोती ओतली, आणि आम्ही पुलाखाली गेलो. साहेब आधीच येऊन उभा होता, रुमाल नाकाला.

मी म्हटलं, "पंपघरातही बघू. खरोखर तिकडे जात असेल तर तिथं पिवळं दिसलं पाहिजे."

साहेब म्हणाला, "किल्ली सापडत नाहीये, मॅडम. शोधायला सांगितलंय."

आम्ही दीड तास उभे राहिलो. कॉलनीच्या मागची उघडी नाली पुलाजवळ नदीत पडते, तिच्यावर माझी नजर खिळलेली. काळं पाणी येत होतं, साबणाचा फेस येत होता. मध्येच अर्धा तास पाणी तांबूस झालं, वीट भिजवावी तसं. मी ते पाहिलं. या दोन डोळ्यांनी पाहिलं आणि मनात म्हटलं, कुणाचं तरी बांधकाम चालू असेल. पिवळं काही आलं नाही. मामा मधल्या वेळात दुसऱ्या कामाला बोलावला गेला होता, नाहीतर त्यानं काही म्हटलं असतं. साहेबानं घड्याळ पाहिलं आणि शिपायाकडून कागद मागवला. चाचणी घेतली, हळदीचा रंग नदीत आढळला नाही, असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. आधीच! ते माझ्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर. तिथं मी खजील झाले होते, आपण उगाच एका सज्जन माणसावर ओरडलो असं वाटत होतं, आणि मी सही करून दिली. हात दाखवून अवलक्षण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध घेऊन आली. नात घरी आली होती, पण पाणी आता दुसऱ्याच्या शेतातल्या बोअरवरून डोक्यावर आणावं लागत होतं. मी तिला खाली मान घालून सांगितलं की चाचणी घेतली, आमच्या कॉलनीचं पाणी नदीत येत नाही.

"कशावरून?"

"हळद टाकली होती. पिवळं पाणी आलं नाही."

ती म्हणाली, "पिवळं कसं येईल? लाल आलं ना. काल दुपारी आमच्या वळनावर लाल पानी आलं, लेकरं भिऊन पळाली. मी म्हन्लं, हे तर हळदीच्या लुगड्याला साबन लावल्यावानी दिसून राहिलं. पोरीच्या लग्नातलं लुगडं धुतलं तवा असंच पानी निघालं व्हतं."

मी हातातलं दुधाचं पातेलं पायरीवरच ठेवलं.

हळदीचा कागद आणि साबणाचं पाणी. दरवर्षी, दर वर्गाला, मी हा प्रयोग करून घेतला. वर्गात घेतला, परीक्षेत विचारला, ज्यांना आला नाही त्यांना उठाबशा काढायला लावल्या. अल्कली असेल तर हळद लाल होते. आणि मी ऐन धुण्याच्या वेळेला, साबणानं भरलेल्या गटारात हळद ओतली, लाल पाणी समोर पाहिलं, आणि पिवळ्याची वाट बघत उभी राहिले. आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला, जिनं एकदा तरी हळदीचा डाग धुतलाय, हे कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी हातात प्रयोगवही असल्याच्या तोऱ्यात होते. त्या दिवशी मला माझी स्वतःची इतकी चीड आली की मी जेवले नाही.

संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत मी साहेबापुढे पांढरा रुमाल, हळद आणि साबणाची वडी मांडली. त्याच्या टेबलावर रुमाल लाल करून दाखवला. तो कौतुकानं बघत होता.

"छान आहे, मॅडम. पण हा शाळेचा प्रयोग झाला. नदीत तांबडं आलं असेल तर रंगपंचमी नुकतीच झाली, कुणी पिंप-बादल्या धुतल्या असतील. आणि शिवाय..." त्यानं फाइल उघडली, "तुमचीच सही आहे."

पट्टी हातात असती तर मी नोकरीत नसल्याचं विसरले असते.

बाहेर मामा होता. मी त्याच्यावरच ओरडले, की तू अर्ध्यातून निघून गेलास. तो शांतपणे म्हणाला, "बाई, सायबाला कशाला धरता? तुमच्या घरामागं चला, मी दावतो."

मला जायचं नव्हतं. कारण तो काय दाखवणार हे मला माहीत होतं. मी विसरले होते असं इथं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण ते खोटं आहे. तीन वर्षांपूर्वी घरी पाहुणे यायचे होते आणि संडास तुंबला. पाणी उलटं मोरीत चढलं. कचेरीत दोनदा सांगितलं, कुणी आलं नाही. मग मी मिस्त्री बोलावला. त्यानं चेंबरच्या मागच्या बाजूला भोक पाडलं, हातभर नळी बसवली आणि ती मागच्या उघड्या नालीत सोडून दिली. तासाभराचं काम. मोरी खळकन मोकळी झाली. मी मिस्त्रीला चहा दिला आणि पाहुण्यांसाठी पुरण शिजत घातलं.

"एकट्या तुमचंच न्हाई," मामा म्हणाला. आम्ही घरामागच्या बोळात उभे होतो आणि तो काठीनं एकेक नळी दाखवत होता. "ह्ये बगा, ह्ये बगा. समद्या वळीनं फोडलंय. पंपघरातली जाळी रोज काढाया लागती, बाई. चिंध्या, पन्न्या, केसं, काय काय येतंय. जाळी कोन काढतंय? जाळी तुंबली, पंप बसला, लाइन भरली, तुमच्या मोरीत चढलं. मंग तुमी फोडलं. आता समदं नालीत, नाली नदीत. सायबाचं बराबर हाय, तुमची कालनी जोडलेली हाय. दोन्हीकडं जोडलेली हाय."

"इतके दिवस बोलला का नाहीस?"

"मला कोनी इचारलं?"

गटार ज्याच्या हातानं साफ होतं त्याला गटाराबद्दल कुणी विचारत नाही. आम्ही त्याला दिवाळीला फराळाची पुडी देतो, तीसुद्धा फाटकाबाहेर.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मिस्त्रीला बोलावून माझं भोक बुजवलं. तो हसत होता. मग मी कॉलनीत घरोघर गेले. सगळ्यांनी बसायला दिलं, सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांनी मान हलवली. "खरं आहे हो बाई, पण आमच्या घरात तुंबलं तर?" "आधी कचेरीनं लाइन साफ करावी, मग आम्ही बंद करू." एक बाई, जिच्या दोन्ही पोरांना मी शिकवलंय, म्हणाली, "आपण सगळे मिळून तांड्याला टँकर पाठवू या ना." म्हणजे घाण आपली, आणि वर पुण्यही आपलंच. मी चप्पल घालून तडक बाहेर पडले.

माझं भोक बुजवल्याच्या दुसऱ्याच सकाळी माझा संडास भरून वाहिला. आमच्या घरचे वर्तमानपत्र घेऊन मित्राकडे आंघोळीला निघून गेले. जाताना म्हणाले, "एकटीनं बुजवून नदी स्वच्छ झाली का, तेवढं बघून ठेव." चाळीस वर्षांच्या संसारात हे गृहस्थ चुकीचं क्वचित बोलतात, म्हणून जास्त राग येतो.

ती दूध घालायला आली तेव्हा मी मोरीतलं पाणी बादलीनं उपसत होते. तिनं कॅन खाली ठेवली, पदर खोचला आणि दुसरी बादली घेतली. उपसता उपसता म्हणाली, "बाई, तुमचं एक भोक बुजवून काय व्हतंय? आमच्याकडं शेतात बांध घालायचा तर तोंडाला घालतात. नाली जिथं कालनीतून निघती तिथं घाला."

"ते बेकायदेशीर आहे," मी म्हटलं. तोंडातून आलं आणि मलाच शरम वाटली. नदीत सोडणं कायद्यात बसत होतं का?

त्याच दिवशी अकरा वाजता, भर उन्हात, ती तांड्यावरच्या पाच बाया घेऊन आली. हळदीची ती दोन रिकामी पोती माझ्याकडे होतीच, आणखी दहा-बारा त्यांनी आणली. नदीपात्रातली वाळू भरली. कॉलनीच्या मागे नाली जिथं रस्त्याच्या छोट्या पुलाखाली शिरते तिथं आम्ही सात बायकांनी पोती रचली, वर माती दाबली, आणि पायांनी तुडवून घट्ट केली. गच्च्यांवरून लोक बघत होते. कुणी खाली आलं नाही. मला अडवायला कुणी पुढं येईना, आणि तांड्यावरच्या बायांशी बोलायला कुणाचं तोंड उघडेना. एकानं फोनवर चित्रण मात्र केलं.

संध्याकाळपर्यंत नाली काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी काळं पाणी रस्त्यावर होतं, फाटकांच्या आत होतं, तुळशीवृंदावनाला टेकलं होतं, चारचाकीच्या टायरांना लागलं होतं. जे तांड्याच्या विहिरीत दोन वर्षं उतरत होतं तेच, तिथलंच, जराही जास्त नाही. कॉलनीत हलकल्लोळ उडाला. माझ्या दारात येऊन लोकांनी मला वेडी म्हटलं, म्हातारचळ लागलाय म्हटलं. मीही फाटकात उभी राहून जे सुचलं ते बोलले. एका निवृत्त बाईच्या तोंडी शोभणार नाही असं बरंच होतं त्यात. त्यातला एकही शब्द मी परत घेतलेला नाही.

आणि दुपारी दोन वाजता गाडी आली! मैला ओढायची मोठी गाडी, जिल्ह्याच्या गावाहून, भोंगा वाजवत. तांड्यावरची लेकरं दवाखान्यात पडली तेव्हा जी गाडी "उपलब्ध नव्हती", पुलाखाली नदी काळी वाहत होती तेव्हा जी "मागवली होती", ती आमच्या फाटकात पाणी शिरल्यावर एका दिवसात आली. आमच्यातल्या कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. लोक म्हणाले, चला, आली बुवा एकदाची. मला वाटतं, सगळ्यात जास्त राग मला त्या "एकदाची"चा आला.

गाडीची नळी मोठ्या चेंबरात पुरेना, तेव्हा साहेबानं मामाला खूण केली. मामा सदरा काढायला लागला. मी चेंबरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

"माणूस उतरणार नाही."

"मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांना सवय आहे."

"सवय तुम्हाला आहे, त्याला उतरवायची. लांब नळी मागवा. तोवर मी इथून हलत नाही."

तास गेला, पण लांब नळी आली. मामा सदऱ्याची गुंडी लावत म्हणाला, "बाई, तीस सालात पयल्यांदा कोनी न्हाई म्हन्लं." तीस वर्षं मीही ह्याच गावात होते आणि तीस वर्षं तो उतरत होता.

त्या चेंबरांमधून जे निघालं ते आमच्या कॉलनीचं खरं तोंड होतं. लुगड्यांच्या चिंध्या, प्लॅस्टिकच्या पन्न्या, लेकरांचे लंगोट, देवाची सुकलेली फुलं, सिमेंटचे गोळे, एक अख्खी उशी. पंपघराचं कुलूप शेवटी हातोड्यानं तोडलं. जाळी दिसतच नव्हती, इतकी लिंपलेली. पंपाच्या मोटारीवर चिमण्यांचं घरटं होतं, जुनं, वाळलेलं. म्हणजे तो पंप फिरून किती काळ झाला असेल याचा अंदाज कुणीही करावा. साहेब तिथंही नम्रपणे म्हणाला, "याची चौकशी होईल."

आठवड्याभरात नवा पंप बसवला गेला. लाइन वाहती झाली, मोरीत पाणी चढायचं थांबलं, आणि मग घरोघरची भोकं बुजली. उपदेशानं बुजली नाहीत. नालीत आमचा बांध होता, म्हणून बुजली. जाळी रोज काढायला आता दोन माणसं नेमली आहेत, हातमोजे आणि लांब दांड्याचं दाताळं देऊन. मी आठवड्यातून दोनदा जाऊन बघते. मला येताना पाहून ती दोघं एकमेकांना काहीतरी सांगतात. सांगोत. माझ्या सहीचा तो कागद अजून फाइलीत आहे, साहेबाची मात्र बदली झाली.

मग तांड्याची विहीर उपसली गेली. तीनदा उपसली, औषध टाकलं, पाण्याचा नमुना तपासायला गेला. पिण्यास योग्य, असा कागद आला. त्या दिवशी नवा साहेब, आमच्या कॉलनीतली चार माणसं आणि मी असे तांड्यावर गेलो. फोटो काढायचे होते. टँकर पाठवू म्हणणारी ती बाई तर पेढे घेऊन आली होती. तांड्यावरची माणसं बाजूला उभी होती, बाया डोक्यावरून पदर घेऊन. नात आजीच्या मागे उभी होती, अजून हडकुळीच. विहिरीजवळ अजून भरलेल्या घागरी होत्या, त्या सगळ्या शेतातल्या बोअरवरच्या.

मी दूधवालीला म्हटलं, "अगं, अजून लांबून का आणता? कागद आला ना. पाणी चांगलं झालंय."

तिनं पोहरा विहिरीत सोडला, ओढून घेतला, घासलेला पितळी लोटा भरला आणि माझ्यासमोर धरला. पाणी स्वच्छ होतं. तळ दिसत होता.

"घ्या बाई."

मी लोटा हातात घेतला. शुद्धीकरण, जंतू, औषधाचं प्रमाण, सगळं मला माहीत होतं. तो कागद मी स्वतः वाचला होता, अक्षरन् अक्षर. सगळे बघत होते. आणि माझ्या डोळ्यांपुढे माझा मिस्त्री आला, माझी नळी आली, त्या संध्याकाळी माझ्या मोरीतून खळकन उतरून इकडे निघालेलं पाणी आलं. लोटा ओठांपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. कितीही रेटलं तरी हात पुढे जाईना.

मग तिनं माझ्या हातातून लोटा काढून घेतला, हळूच, आजारी माणसाच्या हातातून घ्यावा तसा.

"तुमच्यानं पिववंना," ती म्हणाली, "मंग माझ्या नातीला काहून पाजू?"